चाक धरून

वॉडिंग्टनच्या व्हिलेज हॉलमध्ये सकाळी सव्वाआठला
चहाचं मोठं भांडं अजून कुरकुरतंय.
टेबलामागे मोरीन यादी माझ्याकडे सरकवते:
तुझं नाव तूच शोध बाई, मला नाही उच्चारायचं जमत.
सापडतं. सबनीस, डी. बेचाळीस नंबर.
आठ सेफ्टी पिना मोजून देते,
आठ परत आणायच्या.

नऊ वर्षांनी.

विद्याधरला सांगितलंय, क्लबबरोबर जरा फेरी मारून येते.
खोटं नाही. फेऱ्याच आहेत, पाच.

नंबर लावायला एका अनोळखी मुलीला पाठ दिली.
बोटं गार तिची, हात सराईत.
डाव्या कॉलरबोनवर तिची नजर अडकली असणार,
तिथे कातडी अजून गुलाबी आहे.
त्या हाडाचा फोटो मी स्वतःच वाचला होता,
ब्लॅकबर्नच्या हॉस्पिटलात, जिथे रोज
दुसऱ्यांची हाडं उजेडात धरते.
नंतर पट्टी एक, स्क्रू सात.
थंडीत सातही हजेरी देतात.

पहिला मैल लाल गाडीच्या मागून, सावकाश.
एकीची परीक्षा, एकीच्या कुत्र्याचं ऑपरेशन.
मग खिडकीतला झेंडा आत जातो
आणि सगळ्यांचे शब्द संपतात.

समोरच्या चाकामागे वीतभर जागा असते,
तिथे वारा नसतो.
त्या वीतभरासाठी मी नोव्हेंबरपासून
गॅरेजात, भिंतीकडे तोंड करून,
वाळत घातलेल्या चादरींखाली
पहाटे पाचला सायकल हाणली आहे,
कुठेही न जाता.

दोन फेऱ्या ती जागा माझी होती.

तिसऱ्या फेरीत ते वळण.
दगडी कुंपण, मेंढ्यांचं फाटक, कडेला खडी.
आधी दोनदा येऊन गेलंच होतं,
पण तेव्हा चहूबाजूंनी खांदे होते, बघायला फुरसत नव्हती.
आता मोकळं दिसलं,
आणि बोटांनी मला न विचारता ब्रेक दाबला.
एवढंच. अर्धा क्षण.
वीतभराची हातभर झाली, हातभराची सायकलभर,
मग मधे वारा येऊन बसला
आगंतुक पाहुण्यासारखा, उठायचं नाव नाही.
घोळका दूर गेला, रंग लहान लहान होत.
पेंडल डोंगर ढगात डोकं खुपसून होता,
त्यानेही बघितलं नाही.

थांबता आलं असतं. फाटक होतं, मोबाईल होता.

चौथ्या फेरीत चढावर एक पोर सापडली,
सतरा नंबर, वयाने सोळाची असेल,
नाक ओढत, रडत, तरी पाय चालूच.
तिच्या पुढे गेले. ती मागे येते, सुटते, येते.
चाक सोडू नको ग!
ओरडले ते मराठीत, हे नंतर लक्षात आलं.
तिने धरलं.
पुढच्या सपाटीवर कोपर हलवलं तर आपणहून पुढे झाली.
मिनिटभर वारा तिचा, मिनिटभर माझा.
नावं विचारायला दम नव्हता.

शेवटचे दोनशे यार्ड.
बाकीच्यांचा चहा पिऊन झालेला,
मार्शलने पिवळं जाकीट काढलेलं,
आम्हाला बघून त्याने ते पुन्हा घातलं.
आणि ती पोर माझ्या मागून
एकदम खोगिरावरून उठली.
कृतघ्न कार्टी!
मीही उठले. सातही स्क्रू उठले.
दात आवळून, हँडल मुरगाळत,
शेवटून दुसऱ्या जागेसाठी.

मी तिला जिंकू दिलं नाही.
ती जिंकली. टायरभराने.

रेषेपलीकडे दोघी गवतावर आडव्या.
ती हसत होती की अजून रडतच होती, कळेना.
मला खोकला आला आणि तो जाईना.

मोरीनने पिना मोजल्या: सात.
राहू दे, म्हणाली,
पण यादीत काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी कपडे वाळत घालताना
विद्याधरच्या अंगठ्याला टोचलं.
जर्सीच्या शिवणीतून त्याने ती पिन काढली,
दिव्याखाली धरली.
हल्ली फेरीला पिना लागतात?

आठ लागतात, मी म्हणाले.
आणि ही परत द्यायला जावं लागेल.