साडेतीन दोनदा

आधी एक माणूस बनवला.
ओन्नी कोएसालो.
आडनावातलं 'कोए' म्हणजे आमच्या भाषेत चाचणी;
एवढाच विनोद मला परवडला.
त्याला दिल्या बारा मेल, त्यातल्या दोन कोऱ्या,
एक इतकी जड की चढताना धाप लागावी,
टिंबंवाल्या अक्षरांचं एक फोल्डर,
दर मंगळवारची एक मीटिंग, जिला कोणीच येत नाही,
आणि आपोआप जाणारं उत्तर:
मी सुट्टीवर आहे, सोमवारी भेटू.

कोत्का बंदरातली आमची पंपदुरुस्तीची कंपनी,
माणसं एकोणचाळीस.
वसंतात ताम्पेरेच्या मोठ्या कंपनीने घेतली.
पाटी बदलायला एक सकाळ पुरली,
एक शिडी, दोन माणसं.
खात्यांना मात्र सहा महिने.
या क्लाउडमधून त्या क्लाउडमध्ये,
आणि खिडकीबाहेरचा खरा ढग
बंदरावरून पूर्वेला चाललेला,
कुणाची परवानगी न मागता.

ओन्नी पहिल्या फेरीत वाटेतच बसला.
दुसऱ्या फेरीत पोचला,
पण त्याचा मंगळवार दोन तास पुढे सरकलेला.
तिसऱ्या फेरीत अख्खा आला, टिंबांसकट.
नव्या पत्त्यावर मी लिहिलं: पोचलास का?
उत्तर: मी सुट्टीवर आहे, सोमवारी भेटू.
रात्री अकरा वाजता मी एकटाच हसलो.

मग खरी माणसं.
ज्याचं कोणी नाही त्याचं हलणं सोपं,
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
स्टोअरमधला तैस्तो आपणहून पुढे आला:
एकोणीस वर्षांच्या मेल, एकही न पुसलेली.
म्हटलं, थोडं आवरून घे.
म्हणाला, कुठली कधी लागेल काय सांगावं.
सकाळी अडलेल्यांची यादी आली.
फक्त एक. त्याने स्वतःलाच पाठवलेली.
विषय: दूध.
का अडली कळलं नाही. चारदा ढकलली.
शेवटी हाताला धरून नेली.

वेळ ठरवताना माशी शिंकली.
शुक्रवारी पगार. महिनाअखेर हिशेब.
सोमवारी बर्फ फोडणाऱ्या जहाजाचे लोक,
त्यांचे पंप थंडीआधी हवेतच.
उरली ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारची रात्र,
पहाटे साडेतीन.
ताम्पेरेने तक्त्यात हिरवा रंग भरला.
हिशेबातल्या आउने लेह्तोसारींनी तक्ता पाहिला,
चष्मा काढला.
"कुठले साडेतीन?"

त्या रात्री चार वाजले की
देशभरची घड्याळं पुन्हा तीनवर येतात.
आउनेंचा मुलगा इस्पितळात रात्रपाळी करतो,
त्या तासाच्या पगाराचं भांडण
त्यांच्या घरी दर वर्षी जेवणाच्या टेबलावर.
आम्ही सगळे, तीन प्रमाणपत्रं भिंतीवर टांगलेला मी धरून,
तक्त्याकडे बघत राहिलो.
पहिल्या साडेतीनला निघालेलं सामान
दुसऱ्या साडेतीनला पुन्हा निघालं असतं,
आणि दारात स्वतःलाच भेटलं असतं.

पाच वाजताची वेळ घेतली.
तरी मी दोनपासून जागा.
तो जास्तीचा तास कशात घालावा समजेना.
कॉफी केली. प्यायलो नाही.
बंदरात एक क्रेन दिवा लावून उभी होती,
तिलाही काही काम नव्हतं.
मग पाच वाजले, एकदाच,
आणि आकडे सरकू लागले.

सोमवारी फोन फक्त सहा.
पाच पासवर्डचे. सहावा तैस्तोचा:
दूध पोचलं.

गुरुवारी ताम्पेरेहून खोकं आलं,
स्वागताचे मग, प्रत्येकावर नाव छापलेलं.
मोजले तर चाळीस.
ओन्नीला पुसायचं राहिलं होतं.
त्याला स्वागताची मेल गेली होती,
त्याने उत्तरही दिलं होतं, सभ्यपणे,
आणि तिकडच्या कुणी बाईंनी पुन्हा लिहिलं होतं:
सुट्टी छान जावो.

खातं मी त्याच दुपारी बंद केलं.
मग आउनेंच्या टेबलावर आहे.
त्यात पेन्सिली, एक कात्री,
आणि कान त्यांच्याकडे वळवलेला.