टांगणीला

एप्रिल. हॅनकॉकच्या उतारावर अजून काळपट बर्फाचे ढीग,
हिवाळाभर रस्त्यावर ओतलेलं मीठ
गाडीच्या पोटात ठाण मांडून.
ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं,
चर्चच्या वळणावर तर सगळी गाडीच
ताप भरल्यासारखी.

गॅरेजवाल्यानं आकडा सांगितला.
मी म्हटलं, विचार करते.
त्यानंही ओळखलं, हिचा विचार झालाय.

शनिवारी मागच्या चाकांना ठोकळे लावले.
पुढचे नट चाक जमिनीवर असतानाच सैल केले,
मग जॅक, मग स्टँड,
मग गाडीला खांद्यानं एक धक्का:
पडायचं असेल तर आत्ताच पड, बाई,
मी खाली नसताना.

शेजारचा रेइनो बादली उपडी घालून बसलाय.
ऐंशीचा. खाणीत होता म्हणतात. तो म्हणत नाही.
मी चुकीचा पाना उचलला की तो खोकतो,
बरोबर उचलला की कॉफी पितो.

दोन बोल्ट, आणि कॅलिपर सुटून हातात आला.
जड. मी तो सोडणार होते, तसाच, नळीवर लोंबकळत.
खोकला.
त्या बोटभर रबरी नळीतून तर सगळं थांबणं वाहतं;
तिच्यावर भार टाकायचा नसतो.
घरात गेले, कपाटातून आईचं तारेचं हँगर आणलं.
कोट नोव्हेंबरातच देऊन टाकला होता.
हँगर का ठेवलं होतं, मलाही सांगता आलं नसतं.
त्याचा आकडा वाकवून कॅलिपर स्प्रिंगला अडकवला:
जीव टांगणीला, पण नीट टांगलेला.

आणि रोटर हलेना.
बारा हिवाळ्यांच्या गंजानं त्याला चाकाच्या तुंब्याशी
असा सांधलेला, जणू कधी वेगळा नव्हताच.
तेल मारलं. थांबले. पुन्हा तेल.
नाक दाबलं की तोंड उघडतं
हे लोखंडाला कुणी सांगितलेलं नसतं.
हातोडा. ठण्. पुन्हा ठण्.
समोरच्या सुओमेलांचा कुत्रा भुंकून भुंकून गप्प झाला.
माझा घाम होता की दुसरं काही, रेइनोनं पाहिलं नाही.
तो उठला. हातोडा घेतला नाही माझ्याकडून.
नुसतं अर्ध्या उरलेल्या तर्जनीनं
दाखवलं: इथे. मग चाक थोडं फिरवून: इथे.

तिसऱ्या 'इथे'ला तो सुटला,
लाल भुकटीचा एक उसासा टाकून.

नवा रोटर चांदीच्या ताटासारखा.
त्यावरचं कारखान्याचं तेल पुसलं,
माझ्या अंगठ्याचा ठसाही पुसला.
जुना पॅड मध्ये धरून पिस्टन शिकंज्यानं मागे रेटला,
सावकाश, रुसलेल्याला घरात ढकलावं तसा.
टॉर्कचा पाना वाचनालयातून आणलेला.
आमच्या वाचनालयात पाने मिळतात, दोन्ही अर्थांनी,
आणि दोन्ही मंगळवारी परत करायचे असतात.
पाचही नट, एकाआड एक. टक्. टक्.

दुसरी बाजू चाळीस मिनिटांत. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

गाडीत बसले, ब्रेक दाबला
आणि पेडल सरळ तळाला गेलं.
काहीच नाही पायाखाली.
मला माहीत होतं असं होतं. वाचलेलं होतं.
तरी पोटात खड्डा.
पुन्हा दाबलं. पुन्हा. चौथ्यांदा कुठे
पलीकडून कुणी तरी पाय रोवला.

न विचारता रेइनो शेजारी येऊन बसला,
पट्टा लावला, थर्मास गुडघ्यांत धरला.
कालव्याकाठच्या रिकाम्या रस्त्यावर
वेग घ्यायचा, कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही,
दहा वेळा. जळका वास. तो असतोच.
चर्चचं वळण आलं.
थर्मासमधली कॉफी हलली नाही.

घरी आल्यावर तो दिवसभरातलं एकच वाक्य बोलला:
"जुने दोन्ही दे, होडीला नांगर नाही."

संध्याकाळी हँगर सरळ करायला घेतलं.
होत नाही.
तसंच कपाटात अडकवलंय, काळं, तेलकट,
कुठल्याच कोटाच्या मापाचं न उरलेलं.