रीळ सरकलं नाही

पिंटो सर म्हणाले, एक चेहरा, एक जागा.
सोमवारपर्यंत. आणि समुद्र नको.
वर्ग हसला. अकरा जणांच्या फोल्डरमध्ये
आधीच समुद्र होता. माझ्याही.

माझ्यात बाबा होते, एका बाजूने,
कपाळात लाट, गळ्याशी होडी.
व्हिडिओत दाखवतात ना,
मुलीच्या डोक्यात पाइनचं जंगल,
तसं.
बाबा एसटीत कंडक्टर आहेत.
होडीत बसले की ओकतात.

शनिवारी शिरोड्याला उतरले,
स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो हवा होता.
चेंदवणकर स्टुडिओत दाजी
पांढऱ्या पडद्याला इस्त्री करत होते.
लॅपटॉप बघून म्हणाले, "काय चल्लाहा?"
मी दाखवलं. लेअर, मास्क,
ब्लेंड मोडची हातभर यादी.
पडद्यावरून चुटकीसरशी बाबा विरघळले, परत आले.
दाजींनी मान हलवली,
न सुटणाऱ्या गाडीची घोषणा ऐकावी तशी,
आणि काउंटरखालून बिस्किटांचा डबा काढला.

"ह्यो बघ. रीळ पुढे सराकला नाय.
पैसे कोणी देवक नाय."

पिवळटलेला रंगीत फोटो.
मुंडावळ्या बांधलेली एक नवरी
आणि तिच्या आत मिठागर.
हनुवटीखाली चौकोनांचे बांध,
डाव्या गालाच्या सावलीत फावडं धरलेला माणूस,
गर्द जांभळ्या शालूवर मिठाचे ढीग,
स्वच्छ, मोजता येतील इतके.
मी मोजले. सात.

कपाळावर का नाही उमटलं काही?
"थंय उजेड पडललो. उजेडार काय्येक उमटणा नाय.
काळोख होतो, थंयच दुसरो फोटो बसलो."

सरांनी हेच तीन तास शिकवलं होतं,
हिस्टोग्रामचा डोंगर फळ्यावर काढून,
आणि मी वहीत डोंगर तेवढा उतरवला होता.

नवरीला म्हणे हाच हवा होता.
सासू म्हणाली, घरात दूध येतंय
की मिठाचा खडा?
दाजींनी दुसऱ्या दिवशी फुकट काढून दिला,
नीट, सगळा उजेड जागच्या जागी.
"पण त्या फोटोत ती नव्हती गो,"
एवढंच बोलले, आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

रविवारी पहाटे पाचला बाबांना
स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं.
एकच बल्ब, तोही मागच्या बाजूला.
खाकी शर्ट, काखेत बॅग, तिकिटाचं मशीन.
"लवकर कर, पहिली गाडी आहे."
तोंड निम्मं काळं आलं. मी उजळलं नाही.
कधी नव्हे तो स्लायडर सोडून दिला.

मग त्यांच्याच गाडीने मिठागराच्या वळणावर उतरले,
अर्धं तिकीट काढा म्हणाले गमतीने.
ऊन वर येईपर्यंत थांबले.
एका आगरात पाणी अजून पाणी होतं,
शेजारच्यात कडेने पांढरं धरलेलं,
पलीकडे बाई फळीने खेचत होती ते मीठच.
ओपॅसिटी शंभर, साठ, शून्य.
इथे कुणी स्लायडर ओढत नव्हतं.
ऊन होतं, आणि चैत्रापासूनची वाट बघणं.

रात्री दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली, मोड स्क्रीन.
बाबांच्या न दिसणाऱ्या गालात
ढीग आपोआप जाऊन बसले.
बॅगेच्या उघड्या तोंडात एक बांध,
सुट्ट्या पैशांच्या जागी पाणी.
तीन ठिकाणी चुकलं होतं. दोन तशीच ठेवली.

सर बराच वेळ बघत राहिले.
"समुद्र नको म्हटलं होतं."
वाळवलाय, सर, मी म्हटलं.

बाबांना मोबाइलवर पाठवला.
उत्तर आलं: मी यात कुठे आहे?
थोड्या वेळाने दुसरं: टोपी तिरकी आहे.

फॉर्मची तारीख उलटून गेली.
पासपोर्ट फोटो काढायचा राहिलाच.
बसले असते त्या इस्त्रीच्या पडद्यापुढे,
दोन्हीकडून दिवे, कान दिसतील असे केस,
चेहऱ्यावर कुठेच सावली नाही,
कुणाला आत यायला जागा नाही.