हळद्या, अंक अकरावा

गणपती पेठेत आवटींच्या सायकल दुकानात
पंक्चरच्या टबावर दोरीला टांगलेले असायचे अंक.
दहा पैसे, आणि तिथंच बसून वाचायचं.
घरी न्यायचा तर एक चप्पल ठेवून जा, म्हणायचे आवटी.
कितीतरी संध्याकाळी मी एका चपलेनं घरी गेले.

हळद्या.
दिवसा मार्केट यार्डातला तोलार सिद्राम,
रात्री पिवळा अंगरखा, डोळ्यांवर काळी पट्टी,
त्या पक्ष्यासारखीच.
पण उडता यायचं नाही त्याला.
पोत्यांच्या थप्पीवरून थप्पीवर उड्या,
आणि गुंडांच्या डोळ्यांत मूठभर भुकटी: फस्स!
एवढंच अस्त्र.

छापखान्यात रंग दोनच, काळा आणि पिवळा.
पिवळा नेहमी गहूभर उजवीकडे सरकलेला.
म्हणून हळद्याचा रंग हळद्याच्या पुढं पळायचा.
मला वाटायचं, वेग म्हणतात तो हाच.

अंक तीन: काटेमार कुबेर, पारड्याखाली मेणाचा गोळा.
अंक पाच: आयर्विन पुलाच्या कमानीला उलटा लटकून
चोरांची नाव अडवली त्यानं. कृष्णासुद्धा पिवळीच.
अंक आठ हुकला. मावशीचं लग्न होतं, कवठ्याला.

अंक अकरा: हरिपूरचं पेव.
जमिनीच्या पोटातला रांजण, तोंड माणूस मावेल एवढं.
आत चोरीची हळद, आणि बांधून टाकलेलं एक पोरगं.
पेवात आधी कंदील सोडतात.
कंदील विझला तर माणूस उतरत नाही.
कंदील विझला.
हळद्या उतरला.
पुढील अंकी.

पुढचा अंक आलाच नाही.
छापखाना लग्नपत्रिका छापायला लागला.

मी वजनमापे खात्यात लागले.
हेच खातं का, विचारलं मुलाखतीत. मी म्हटलं, पगार.

परवा यार्डात एका आडतीवर
दर पोत्यामागं सहाशे ग्रॅम गायब.
व्यापाऱ्याच्या खिशात रिमोट, स्कूटरच्या किल्लीएवढा.
कुबेरला हे सुचलं नसतं.
"मॅडम, चहा तरी घ्या," म्हणाला.
मी काट्याला सील ठोकलं, पंचनामा लिहिला,
कागदभर माझ्या बोटांचे पिवळे ठसे.
फस्स वगैरे काही झालं नाही.
एक म्हातारा तोलार तेवढा म्हणाला, "बरं केलंसा."

तिथून तडक मिरजेला गेले.
रसूल शिकलगार अजून नंबरप्लेटा रंगवतात,
एका डोळ्यानं, पण आकडा सरळ.
मी अंक पुढं धरला. यातनं तो बाहेर कसा आला?

ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवत म्हणाले,
"चाळीस वर्सांनी इचारतीस व्हय?
कागदाचं पैसं थकलं, म्हणून तिथंच ऱ्हायला त्यो."
मग बराच वेळ पाचाच्या आकड्याचं पोट भरत बसले.
"पण पेवात कुणी एकटं उतरतंय का, बाई?
वर दोर धरून माणूस असतोयच.
चौकटीत मावला नाही, म्हणून काढला नव्हता मी."

रात्री दिव्याखाली तेच पान उघडलं.
काळं पेव, विझलेला कंदील,
त्याच्या कमरेचा दोर वर वर चढत
चौकट ओलांडून कोऱ्या समासात शिरतो
आणि संपतो
जिथं मी पान अंगठ्यानं दाबून धरलंय.