वाट होईपर्यंत

लॅब्राडॉर, डिसेंबर

आमच्या गावाला वाट नाही.
उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरची गाडी,
आणि मधले हे पाच-सहा आठवडे
बोटीला समुद्र घट्ट, गाडीला पातळ.
ह्या दिवसांत कुणी कुठं जात नाही.
ह्याच दिवसांत
प्रार्थनाघरात आगमनकाळ सुरू होतो.

रोझीनाला विमानानं गूस बेला नेलं, महिनाभर आधीच.
गावात बाळंतपणं होत नाहीत आता.
पहिलटकरीण, परक्या खोलीत,
खिडकीखाली गाड्यांचा तळ, भिंतीवर नियमांची यादी.
फोनवर म्हणाली, ताबेया आत्या,
दिवस भरलेत, पण हा काही निघत नाही.
मी म्हटलं, येईल.
मग दोघी गप्प. तारेत नुसता वारा.

मला मरिया आठवली.
चित्रातली नव्हे, निळ्या पदराची.
पाय सुजलेली,
सरकारी नोंदीसाठी आपल्या माणसांपासून लांब आलेली,
आडोसा मिळेल का, असं
नवऱ्याला विचारायला लावून
स्वतः भिंतीला टेकलेली.

रविवारी खिडकीत तारा टांगला.
कागदी, आईच्या हातचा, पंचवीस टोकांचा.
लहानपणी मी विचारलं होतं,
सव्विसावी बाजू मोकळी का गं ठेवलीस?
ओठांत दोरा धरून आई म्हणाली,
बंद केली तर दिवा कुठून घालशील?
पुढं पुष्कळ प्रवचनं ऐकली.
त्यातलं फार उरलं नाही.

यंदा एक टोक उंदरानं कुरतडलेलं.
पिठाच्या पिशवीचा कागद दुमडून नवं लावलं.
दिवा पेटला की त्यावर
उलट्या अक्षरांत दिसतं: पाच किलो.

एफ्राईमला वाट पाहणं जमत नसे.
अकरा वर्षं झाली.
दोनच दिवस आधी निघाला तो, दोनच.
सिकुआक म्हणतो आम्ही त्या बर्फाला.
दिसतो बर्फासारखा, वागतो पाण्यासारखा.
तेव्हापासून सगळे जेव्हा म्हणतात,
प्रभू, लवकर ये,
माझी जीभ 'लवकर'शी अडखळते.
मी म्हणते, ये.
तुझ्या हिशेबानं ये.
आमचं वजन पेलेल, असा ये.

परवा म्हातारा बोआस वाचता वाचता थांबला.
चष्मा पुसत म्हणाला,
बर्फ वरून जाड होत नाही, खालून होतो.
वर उभं राहून काही कळत नाही.
मग हरवलेली ओळ शोधायला
त्याला बराच वेळ लागला.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

जो येऊन गेला, त्याचीच वाट.
आणि तो तर म्हणे गेलेलाच नाही.
हे कोडं मला सुटलं नव्हतं,
रोझीनाचं पोट दिसू लागेपर्यंत.
भरल्या दिवसांच्या बाईला विचारा,
बाळ आहे, की यायचंय?
ती दोन्हीला हो म्हणेल,
आणि विचारणाऱ्याकडे जरा कीव येऊन बघेल.

रोज दुपारी, उजेड संपायच्या आत,
लोखंडी टोकाची काठी घेऊन मी खाडीवर जाते.
एक ठोका. टणक.
पाऊल.
दुसरा ठोका. टणक.
पाऊल.
तिसऱ्याला काठी ओली निघाली.

मागं वळले.
गावभर खिडक्यांत तारे लागलेले,
लांबून सगळे सारखेच,
पिठाच्या पिशवीचा कुठला, ओळखू येईना.
घरात फोन वाजत असेल, नसेल.
धावले नाही.
येताना उमटलेल्या माझ्याच पावलांवर
एकेक पाय ठेवत आले.