पाव इंच

ओरेस्ट ह्रिसाकच्या कोठारामागे
कमरेइतकं गवत, आणि त्या गवतात तो :
एकोणीसशे बावन्नचा इंटरनॅशनल.
रंग एके काळी हिरवा असावा.
आता हिरवं आहे ते फक्त
बॉनेटच्या फटीतून डोकं काढलेलं मॅपलचं रोप.

"काय घ्याल?"
"आधी सांग, काय करणार आहेस त्याचं?"
मुलीला स्थळ आलेल्या बापासारखं
त्याने मला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं.

मी शाळेची बस चालवते. सत्तेचाळीस पूर्ण.
ऑइल बदलण्यापलीकडे
कुठल्याही इंजिनात उभ्या जन्मात बोट घातलेलं नाही.
हे काही मी त्याला सांगितलं नाही.
म्हणाले, "चालवणार."
तो हसला. होते तेवढे सगळे दात दिसले.

मी दार उघडलं. ते उघडलं आणि हातातच आलं.
पाय ठेवायच्या जागेतून जमीन दिसत होती;
एक नाकतोडा तिथून वर आला,
सीटवर क्षणभर बसला,
आला तसा निघून गेला.
ग्लव्ह बॉक्समध्ये उंदरांचा संसार :
गहू विकल्याच्या पावत्यांचे कपटे, सीटमधला कापूस,
आणि सगळ्याच्या मधोमध पोस्टकार्डाचा एक कोपरा,
कुरतडता कुरतडता सोडून दिलेला.
ती लिपी मला येत नाही. ओरेस्टने चष्मा पुसून वाचलं :
"…तर थांबू नकोस. जेवून घे."

कुणी लिहिलं होतं, ते बोलला नाही.
कोपरा शर्टाच्या खिशात ठेवला, बटण लावलं.
"नऊशे म्हणणार होतो," तो म्हणाला.
"सातशे दे."

जुनं ते सोनं, असं लोक सहज बोलून जातात.
सोन्याला गंज चढत नाही,
हे मला घरी आणल्यावर आठवलं.

भाऊ डेल म्हणाला, "विकतचं दुखणं घेतलंस."
शेजारची थेल्मा म्हणाली, "कुंडी म्हणून छान दिसेल."
पहिला नट सुटला
तेव्हा गॅरेजमध्ये मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.
दुसरा तुटला.
कॉफीच्या रिकाम्या डब्यांवर मी नावं लिहू लागले :
डावा ब्रेक. उजवा ब्रेक. दाराचे स्क्रू.
पुढे पुढे नुसतंच : कशाचा तरी.
एका डबीवर : हा महत्त्वाचा आहे.

इंजिन जाम. सहा प्लग काढले,
सहा भोकांत पातळ तेल ओतलं,
आणि वाट बघितली.
नोव्हेंबर गेला. यॉर्कटनचा रस्ता दोनदा बंद झाला.
रोज संध्याकाळी शेवटचं पोर घरी सोडून यायचं,
हीटर लावायचा,
पुलीच्या नटावर लांब दांडा चढवायचा
आणि ओढायचं.
काही नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
काही नाही.
बसमधला दुसरीतला कीगन रोज विचारायचा, "हलला?"
हे त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.
मी आरशात बघून मान हलवायचे.
तेवढंच काय ते हलायचं.

जानेवारी. बाहेर उणे एकतीस.
दांडा ओढला, आणि हाताला काहीतरी वेगळं लागलं.
घसरला असेल.
पुलीवर खडूने रेघ मारली.
पुन्हा ओढला.
रेघ सरकली.
फार नाही. पाव इंच.

रात्रीचे पावणेदहा. मी ओरेस्टला फोन लावला.
"कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं.
"जायला हवं त्याच."
मग बराच वेळ
त्याच्या स्वयंपाकघरातला फ्रिज तेवढा ऐकू येत राहिला.
"उद्या येतो," तो म्हणाला. "जेवून निघतो.
तोवर हात लावू नकोस त्याला."

फोन ठेवला.
लावला हात.
अजून पाव इंच.