धुकं

पुएर्तो मोंतच्या हॉटेलात, दोन दिवसांच्या शिबिरात
कागदावर एक चौकट होती, तळहाताएवढी:
तुमचा उद्देश एका वाक्यात लिहा.
शेजारच्या सॅमन कंपनीतल्या पोरानं झटक्यात लिहिलं,
वर खाली रेघही मारली.
मी पेनाचं टोपण चावत बसले.

एल्सिरा नावेलकिन, वय एकोणतीस.
दोन वर्षांनी अचाओची लाँच-संस्था हिच्या हाती द्यायची
असं संचालकांनी ठरवलेलं.
सात लाँची, एकतीस माणसं, अकरा बेटं,
आणि माझ्यापाशी एक वाक्य नाही.
कागदाची घडी करून खिशात घातली, परत आले.

पहिलं काम मिळालं: उशीर शोध.
मिनिटं कुठून गळतात ते बघ.
मला आवडलं. गळती शोधणं मला जमतं.
तीन वर्षांच्या नोंदवह्या काढल्या,
डिझेलच्या, ओल्या लोकरीच्या वासाच्या.
एवारिस्तो तांडेलाची लाँच सगळ्यांत मागे,
आणि कारणाच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द,
शाळकरी, ठसठशीत अक्षरात:
धुकं.
मंगळवारी धुकं. गुरुवारी धुकं. शनिवारी धुकं.
नऊ मिनिटं, चौदा, एकदा बावीस.

हवामान खात्याकडून त्या त्या तारखांचे दाखले मागवले.
निरभ्र.
निरभ्र.
अंशतः ढगाळ, दहा किलोमीटरपर्यंत स्पष्ट.
निरभ्र.

सापडला, म्हटलं.
खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला.
आकडे पाहिले होते. वार पाहिले नव्हते.

जुलैतल्या एका मंगळवारी, न कळवता, त्याच्या लाँचीवर चढले.
शेवटच्या बेटावर सहा माणसं आली,
बटाट्याची पोती, पाय बांधलेलं एक कोकरू.
वेळ झाली.
एवारिस्तोनं दोर सोडला नाही.
हवा इतकी लख्ख
की खाडीपलीकडच्या डोंगरांचे दात मोजावेत.
आणि टेकडीवर एक लाल ठिपका हलत होता.

कोणी काही बोललं नाही.
एका म्हातारीनं थर्मासमधलं पाणी ओतून मातेचा पेला फिरवला.
ठिपक्याची बाई झाली.
बाई उतारावर एकदा बसली. उठली.
मी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं.
ओतिलिया तिचं नाव. सुजलेले पाय, लाल शाल.
आठवड्यातून तीनदा कास्त्रोला जाते, यंत्रावर रक्त धुऊन घ्यायला.
आभार मानले नाहीत तिनं.
"ओहोटी फार आहे आज," एवढंच म्हणाली, आणि बसली.

एवारिस्तोनं वही काढली, पेन्सिल जिभेला लावली,
लिहिलं: धुकं.
मग माझ्याकडे पाहिलं.
त्या पाहण्यात विनवणी नव्हती, गुर्मीही नव्हती.
"तुमच्या वहीत," तो म्हणाला,
"तिच्यासाठी रकाना कुठाय?"

इथंच हे संपलं असतं तर सोपं होतं.
पण अचाओला पोचलो तेव्हा बस सुटून गेली होती.
एक मुलगा दप्तर छातीशी धरून
रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा.
त्या दिवशी त्याची परीक्षा होती.
ती अकरा मिनिटं त्याचीही होती.
एवारिस्तोनं मान फिरवली. मला फिरवता आली नाही.

बसवाल्याकडे चार खेपा घातल्या,
पाचव्या खेपेला तो वीस मिनिटं द्यायला तयार झाला,
फक्त मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि तेही कुरकुरत.
नव्या नोंदवह्यांत एक रकाना वाढवला: कोणासाठी थांबलो.
संचालकांनी विचारलं, यातून वाचलं किती?
म्हटलं, काही नाही. उलट छपाईचा खर्च आहे.
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
माझी दोन वर्षं तेव्हापासून तीन झालीत.

चौकटीचा कागद अजून त्याच कोटात आहे,
घडीवर डिझेलचा डाग.
लिहायला घेतलं की
वाक्याच्या आधी टेकडी दिसते, आणि तो रस्ता.

नव्या रकान्यात पहिल्याच दिवशी
एवारिस्तोनं सवयीनं तेच लिहिलं: धुकं.
मी खोडलं नाही.
दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यानंच खाली, बारीक अक्षरात:
ओतिलिया. आठ मिनिटं.
हवा स्वच्छ.